शनिवार रात्रीचे गोलंदाज



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला इंग्लंडचा नागरी तोफखाना." टेलिफोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "ह्यात कामगार कुठे आले?" मी म्हटले, "ह्यात कामगारांशिवाय दुसरे कोणी फारसे नाहीच."

माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात बरेच झाले. त्या वाचनात मी इंग्लंडमधल्या १९२६ च्या सार्वत्रिक संपाची हकीगत शोधत होतो. त्यात एक चमत्कारिक माणूस भेटला. अंगावर साधे नागरी कपडे, दंडाला पट्टी, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आणि हातात पोलिसी दंडुका. हा शिपाई की पोलीस की कारकून? त्याचा माग काढीत गेलो तो थेट तोफखान्याच्या दारात पोहोचलो. आज तुम्हांलाही त्याच वाटेने नेतो.

ह्या मंडळींना तिकडे टेरिटोरियल म्हणत, आपल्याकडे प्रादेशिक सेना हा शब्द रूढ आहे. लॉर्ड हाल्डेन ह्या युद्धमंत्र्याने १९०७ साली कायदा करून घेतला आणि १ एप्रिल १९०८ पासून टेरिटोरियल फोर्स अस्तित्वात आली. कल्पना सोपी होती. माणूस दिवसा आपला धंदा करील, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळी कवायतीच्या हॉलमध्ये येईल आणि वर्षातून पंधरा दिवस छावणीत राहील. पगारी फौजेतले लोक त्यांना 'शनिवार रात्रीचे सैनिक' म्हणून हिणवीत. बोअर युद्धाच्या वेळच्या, डागडुजी केलेल्या पंधरा पौंडी तोफा त्यांच्या वाट्याला आल्या. मोठ्या घरचा जुना कोट धाकट्या घराला यावा, तशातला प्रकार.

कायद्याने हे लोक फक्त मायदेशाच्या संरक्षणाला बांधलेले होते. परंतु १९१४ साली युद्ध पेटताच हिंदुस्थानातली गोरी पगारी फौज फ्रान्सकडे बोलावली गेली. तिची जागा भरायला टेरिटोरियलांच्या तीन डिव्हिजनी त्यांची संमती घेऊन इकडे पाठवण्यात आल्या. त्यांतले बरेचसे लोक १९१४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबई बंदरात उतरले. बरोबर त्यांच्या तोफाही होत्या. डेव्हन, सॉमरसेट, केंट, ससेक्स ह्या परगण्यांतले दुकानदार, शेतकरी, कारकून आपल्या देशातल्या छावण्यांत येऊन राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यांना 'गोरे सोजीर' म्हणून पाहिले, त्यांतला एखादा घरी केकची भट्टी चालवणाराही असेल!

युद्ध संपले आणि ही फौज मोडली. १९२० मध्ये ती पुन्हा उभारायचे ठरले आणि लवकरच तिला टेरिटोरियल आर्मी असे नाव मिळाले. खरी गोष्ट इथून सुरू होते. चार वर्षे चिखलात लोळून आलेला माणूस पुन्हा खाकी घालायला सहजी तयार होईना. त्यातून तो काळ संपांचा होता. खाणी, रेल्वे, गोद्या, सगळीकडे धुमसत होते. तेव्हा कामगार वस्तीतला माणूस भरतीच्या टेबलासमोर उभा राहिला की पहिला प्रश्न हाच विचारी: "उद्या माझ्याच भावाच्या संपावर मला तोफ घेऊन पाठवणार काय?" विन्स्टन चर्चिल तेव्हा युद्धमंत्री होते. कामगारांविषयी त्यांना फार जिव्हाळा होता असे त्यांचे भक्तही म्हणणार नाहीत. पण हा प्रश्न मिटल्याशिवाय रंगरूट मिळत नाहीत एवढे व्यवहारज्ञान सरकारला होते. औद्योगिक तंट्यांत ह्या सैन्याचा सैन्य म्हणून उपयोग केला जाणार नाही, अशी ग्वाही देण्यात आली. आणखी एक वचन होते: परदेशी जावे लागले तर पथक अखंड जाईल, माणसे तोडून दुसरीकडे जोडली जाणार नाहीत.

हे दुसरे वचन तुम्हांला किरकोळ वाटेल, पण तोफखान्यात ते किरकोळ नाही. बंदूक एकट्याची असते, तोफ टोळीची असते. त्या काळच्या टेरिटोरियल तोफखान्याकडे मुख्यतः अठरा पौंडी तोफ आणि साडेचार इंची हॉवित्झर होती. अठरा पौंडी तोफ ओढायला सहा घोडे लागत. तोफेपाशी एक जण नेम धरतो, एक दार उघडतो-मिटतो, एक गोळा भरतो, बाकीचे गोळे आणून देतात आणि फ्यूज लावतात. आणि गंमत अशी, की ह्यांतल्या कोणालाही निशाण दिसत नाही. ते दिसते लांब टेकाडावर दुर्बीण घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला. तो टेलिफोनवरून सांगतो, "लांब पडला." पल्ला कमी करतात. "आता अलीकडे पडला." मग त्या दोहोंच्या मधला अर्धा पल्ला, मग त्याचा अर्धा, असे करीत निशाण चिमटीत पकडतात. ह्याला गणित लागते, कान लागतो, विश्वास लागतो. कारखान्यात ज्याने साच्यावर चौघांच्या मेळाने काम केले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतून फिटर, तारायंत्रवाले, गाडीवान, हिशेबनीस असे लोक तोफखान्याला हवे असत.

हॉलमध्ये संध्याकाळी काय चाले? शहराच्या मध्यावर तोफ डागता येत नाही. मग एक युक्ती होती. गोणपाटावर डोंगर, शेते, देवळाचे शिखर असा देखावा रंगवून तो आडवा ताणीत. त्याखाली एक माणूस दडून बसे आणि अधिकाऱ्याने हुकूम दिला की त्या जागी खालून धुराची फुंकर सोडी. तोच गोळा पडला असे समजायचे. त्यावरून "लांब, अलीकडे" चाले. खालच्या माणसाच्या तोंडात बहुधा सिगारेट असे, म्हणजे सरकारी खर्चही नाही! कवायत आटोपली की तिथेच मद्याची कॅन्टीन, बिलियर्डचे टेबल, मुष्टियुद्ध, कधी नाच. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसे, त्याला ती उबदार जागा म्हणजे क्लबच होता.

आणि मग वार्षिक छावणी. ह्याविषयी पुस्तकी इतिहासकार घाईने पुढे जातात. मी थोडा थांबणार आहे, कारण हा रजेचा प्रश्न आहे आणि तो माझ्या अंगणातला आहे. त्या काळी सामान्य इंग्रज कामगाराला पगारी रजा नव्हती. पगारी सुटीचा कायदा तिथे १९३८ साली झाला. छावणीत मात्र पंधरा दिवस मोकळी हवा, पोटभर जेवण आणि फौजी दराने रोजचा पगार मिळे, शिवाय वर्षाची हजेरी पुरी केली तर बक्षिसाची रक्कम. अनेकांच्या आयुष्यातली घराबाहेरची एकमेव सुटी ती हीच. पण मालकाने रजा द्यावयास हवी ना! काही मालक उदारपणे देत, काही त्याच्या नेहमीच्या सुटीतून कापून घेत आणि काही सरळ सांगत की राजाची चाकरी कर आणि परत आल्यावर दुसरे काम शोध. देशभक्तीवर सभेत भाषण करणारा आणि सोमवारी फाटकावर खाडा मांडणारा मालक एकच असू शकतो. असा एक मी जवळून पाहिला आहे. तो इंग्रज नव्हता.

छावणीसाठी घोडे भाड्याने घेत. एरवी माल वाहणारा घोडा पंधरा दिवस तोफेला जुंपला जाई. तोफखान्यात आलेल्या दुसऱ्या एका वर्गाची हकीगतही इथेच सांगतो. इंग्लंडमध्ये यूमनरी म्हणून घोडदळाची जुनी पथके होती. जमीनदार, सधन शेतकरी, त्यांची कुळे अशांची. आपल्या भाषेत हे शिलेदार. पहिल्या महायुद्धाने घोडदळाचे दिवस संपवले. तेव्हा सर्वांत ज्येष्ठ अशी चौदा पथके तेवढी घोड्यावर ठेवली, आठांना चिलखती मोटारी दिल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांना सांगितले की आता तुम्ही गोलंदाज व्हा. शिलेदाराला तोफेचा गाडा ओढायला लावणे म्हणजे काय, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. भरपूर रुसवेफुगवे झाले. टोपीवरचे जुने चिन्ह राखू द्या, ह्यासाठी अर्जविनंत्या झाल्या. पण ते झाले गोलंदाज, आणि चांगले गोलंदाज झाले.

आता त्या ग्वाहीचे काय झाले ते पाहू.

एप्रिल १९२१ मध्ये खाणमालकांनी मजुरी उतरवली आणि कामगारांना टाळे लावले. रेल्वे आणि वाहतूक कामगार त्यांच्या बाजूने उठणार असे दिसू लागले. लॉइड जॉर्जच्या सरकारने घाईघाईने एक 'डिफेन्स फोर्स' उभारली, मुदत नव्वद दिवस. टेरिटोरियल आर्मी वापरायची नाही असे वचन होते ना? ते पाळले. टेरिटोरियल सैनिकाला सांगितले, की तू तुझ्या पथकातून मोकळा हो, ह्या नव्या फौजेत नाव घाल, काम संपल्यावर परत ये. हॉल तोच, सामान तेच, बरेचसे अधिकारी तेच. फक्त पाटी वेगळी. वकिलाने लिहिलेले वचन वकिलाच्याच पद्धतीने पाळले गेले! १५ एप्रिलला रेल्वे आणि वाहतूक संघांनी माघार घेतली. त्या दिवसाला तिथल्या चळवळीत 'काळा शुक्रवार' म्हणतात. डिफेन्स फोर्स उन्हाळ्यात मोडली. पण कामगार वस्त्यांतून टेरिटोरियलांच्या भरतीला जो ठोका बसला, तो भरून यायला फार काळ गेला.

१९२६ मध्ये सरकार अधिक शहाणे झाले होते. ३ मेच्या मध्यरात्रीपासून १२ मेपर्यंत सार्वत्रिक संप चालला. तेव्हा 'सिव्हिल कॉन्स्टेब्युलरी रिझर्व्ह' काढले. त्यात टेरिटोरियल आणि विद्यापीठांच्या अधिकारी-शिक्षण पथकांतले लोक घ्यायचे, पण गणवेश द्यायचा नाही. म्हणजे सुरुवातीला सांगितलेला दंडपट्टीवाला माणूस तो हाच. हातात दंडुका देताना बंदूक आणि तोफ कपाटात ठेवली होती, ह्याचे श्रेय मी त्या सरकारला देतो. त्याच वेळी हेही म्हणतो, की ज्या माणसाला शेजारच्याच गल्लीतल्या संपकऱ्यासमोर उभे केले, त्याला विचारले तर त्याला फरक सांगता आला नसता. इंग्लंडमधले काही जाणकार म्हणतात की ही तडजोड उत्तम होती, रक्तपात टळला. रक्तपात टळला हे खरेच. पण टळला तो मुख्यतः संपकऱ्यांच्या शिस्तीमुळे, असे माझे मत आहे आणि ते बदलायला मला अद्याप कारण मिळालेले नाही.

ह्याच सुमारास आपल्याकडे काय होते? १९२० साली हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. एकाने 'ऑक्झिलिअरी फोर्स' झाली. ती युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांसाठी होती आणि तिच्यात अँग्लो-इंडियन मंडळीही असत. दुसऱ्याने 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' झाली, ती हिंदी लोकांसाठी. पहिलीत घोडदळ होते, तोफा होत्या, आणि रेल्वेची स्वतंत्र पथके होती. आपली जी. आय. पी. रेल्वे आणि बी. बी. सी. आय. रेल्वे ह्यांच्या नावांची पथके त्यांतच येतात. दुसरीत मुख्यतः पायदळ. तोफ नाही. कारण उघड होते. १८५७ नंतर डोंगरी तोफखाना सोडला तर हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यायची नाही, हा नियमच होऊन बसला होता. मुंबईच्या सैन्यात १८२७ साली उभारलेली एक डोंगरी बॅटरी मात्र टिकून राहिली आणि भारतीय तोफखाना आजही २८ सप्टेंबर हा तिचा स्थापनादिन आपला दिवस म्हणून पाळतो. मैदानी तोफखान्याचे दार हिंदी गोलंदाजांना उघडले ते १५ जानेवारी १९३५ रोजी, बंगलोरला. ह्या दोन फौजांतल्या वर्णभेदावर कायदेमंडळात ओरड झाली, सर जॉन शी ह्यांची समिती बसली, १९२५ साली अहवाल आला. तपशिलात शिरत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधला गोरा फोरमन संध्याकाळी गणवेश घालून परेडला जातो आणि त्याच्या हाताखालचा फिटर त्याच्याशी मजुरीबद्दल भांडतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा म्हणजे पुरे. इंग्लंडातल्या सैनिकाला निदान एक ग्वाही तरी मिळाली होती.

परत इंग्लंडात जाऊ. १९१९ साली तिथल्या मंत्रिमंडळाने एक नियम ठरवला होता: पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही असे धरून खर्चाचे अंदाज करावेत. वर्षे सरत गेली तरी ती 'पुढली दहा वर्षे' पुढेच सरकत राहिली. दुकानातली 'आज रोख उद्या उधार' ही पाटी तुम्ही पाहिली आहे, तसेच. हा नियम १९३२ मध्ये सोडला. पण त्याच १९३२ साली मंदीपायी टेरिटोरियलांची वार्षिक छावणीच रद्द करण्यात आली. जो बेकार होता त्याचे पंधरा दिवसांचे पोट गेले. पथके टिकली ती सार्जंटांच्या जिद्दीवर. काहींनी आपल्या खर्चाने लहानशा छावण्या भरवल्या. तोफा मात्र त्याच, १९१८ मध्ये होत्या त्या.

आणि मग आकाशातून भीती आली. विमानाने बाँब टाकण्याच्या धास्तीने शहरांच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि ते काम जवळजवळ सगळे टेरिटोरियलांवर सोपवले गेले. कारण शहर ज्याचे, त्याने राखावे. १९३५ च्या डिसेंबरात लंडनमधल्या एका पायदळ डिव्हिजनचे मुख्यालय बदलून पहिली विमानविरोधी डिव्हिजन केली, पुढल्या वर्षी दुसरी. पायदळाच्या जुन्या पलटणी गोलंदाज किंवा प्रकाशझोतवाले झाल्या. त्यांत एक पलटण पोस्ट खात्याची होती. १८६८ साली टपाल कर्मचाऱ्यांमधून उभारलेली, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेली. तिच्या हातची बंदूक जाऊन झोतदिवा आला.

विमानविरोधी तोफेचे काम समजून घ्या. विमान ताशी चारशे किलोमीटरने जात असेल आणि गोळ्याला वर पोहोचायला वीस सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात विमान दोन किलोमीटरांहून अधिक पुढे जाते. म्हणजे तोफ विमानावर रोखायचीच नाही. ते जिथे असेल त्या रिकाम्या आकाशावर रोखायची आणि त्याच क्षणी गोळा फुटेल असा फ्यूज हाताने लावायचा. हे गणित करायला दातेरी चाकांचे यंत्र असे, त्याला प्रेडिक्टर म्हणत. ते चालवायला बँकेतले कारकून, विमा कंपनीतले हिशेबनीस, विजेचे कारागीर उत्तम. माणसे होती. यंत्रे कुठे होती? तोफा पहिल्या महायुद्धातल्या तीन इंची. नवी ३.७ इंची तोफ १९३८ च्या जानेवारीत हाती येऊ लागली, तीही मोजकी.

ह्यातून एक प्रकरण उद्‌भवले. डंकन सँडिस हा तरुण खासदार, चर्चिलचा जावई, लंडनच्या एका टेरिटोरियल विमानविरोधी पथकात कनिष्ठ अधिकारी होता. जून १९३८ मध्ये त्याने युद्धमंत्री होअर-बेलिशा ह्यांना पार्लमेंटमध्ये विचारण्याच्या प्रश्नाचा मसुदा पाठवला. लंडनच्या संरक्षणाला तोफा अपुऱ्या आहेत, हा त्याचा आशय. आकडे इतके खरे होते की सरकार दचकले. ॲटर्नी जनरलने त्याला गोपनीयतेच्या कायद्याची आठवण करून दिली. माहिती कुणी दिली ते सांग, नाहीतर तुरुंग! त्याने ते सभागृहात जाहीर केले. लगेच त्याला लष्करी चौकशीपुढे गणवेशात हजर राहण्याचा हुकूम आला. सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने हा हुकूम म्हणजे हक्कभंग ठरवला आणि पुढल्या वर्षी त्या कायद्याचे ते कलम आवळून हेरगिरीपुरते ठेवले गेले. तो बड्या घरचा होता म्हणून सुटला, साधा गोलंदाज असता तर चिरडला गेला असता, हे मला मान्य आहे. तरीही पाहा: तोफा नाहीत ही गोष्ट देशाला कळली ती अर्धवेळ सैनिकामुळे. पूर्णवेळ सैनिकाला ती ठाऊक होती आणि त्याचे तोंड शिवलेले होते.

तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, म्युनिकच्या वेळी विमानविरोधी टेरिटोरियलांना उद्यानांत आणि मैदानांत तोफांवर बोलावले, आणि उणिवा सगळ्या जगासमोर आल्या. मग घाई. २९ मार्च १९३९ रोजी चेंबरलेन ह्यांनी जाहीर केले, की मैदानी टेरिटोरियल सेना १,३०,००० वरून १,७०,००० करू आणि मग दुप्पट, म्हणजे ३,४०,०००. प्रत्येक पथकाने आपल्यातूनच जुळे पथक काढायचे. चांगले सार्जंट अर्धे-अर्धे वाटले. तोफा वाटायला पुरेशा नव्हत्याच. आणि २६ एप्रिलला, शांततेत सक्तीची भरती करणार नाही हे वचन मोडून, वीस वर्षांच्या तरुणांना सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी बोलावण्याचे ठरवले. ह्या मुलांना 'मिलिशियामेन' हे जुने नाव दिले. ट्रेड युनियन काँग्रेसने विरोध केला. तो हिटलरच्या प्रेमापोटी नव्हता; माणसांची सक्ती करता तर संपत्तीचीही करा, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते आजही रास्त वाटते.

२४ ऑगस्ट १९३९ ला विमानविरोधी टेरिटोरियल पुरते बोलावले गेले. युद्ध ३ सप्टेंबरला पुकारले. मधल्या दहा दिवसांत इंग्लंडच्या शहरांवर पहारा होता तो बसवाहक, विणकर, कारकून आणि पोस्टमन ह्यांचा. मैदानी पथकांतल्या बऱ्याच जणांच्या हाती अजून अठरा पौंडी तोफच होती.

आपली प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. सुरुवातीला तिच्यात तोफखानाही होता. १९७२ पर्यंत ती पथके मोडली किंवा नियमित सैन्यात गेली. रेल्वेची पथके मात्र राहिली. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप झाला, तेव्हा त्यांना सेवेवर बोलावण्यात आले. बोलावणे आले की माणूस लष्करी कायद्याखाली येतो. तिथे संप हा शब्द नाही. मी तेव्हा लहान होतो. आमच्या चाळीत एकाच वर्कशॉपातले दोन शेजारी होते. एक संपावर म्हणून भूमिगत झाला आणि दुसऱ्याने ट्रंकेतून हिरवा गणवेश काढला. दोघांच्या घरातली डाळ संपली तेव्हा माझ्या आईने दोन्हीकडे एकेक वाटी पोहोचवली. वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. पहिल्याची नोकरी गेली, ती परत मिळायला बराच काळ लागला. दुसरा कामावर राहिला. त्यानंतर कित्येक वर्षे दोघे एकाच नळावर पाणी भरीत, पण त्या मे महिन्याविषयी त्यांच्यात काही बोलणे झालेले मी कधी ऐकले नाही.